बोंडीची खाज अन् आतल्या खोलीची भुई

पहिलेच सांगून ठेवतो. माझ्या कुत्रीले जे झालं त्यात अर्धा कसूर पिसवायचा अन् अर्धा माझा.

मी चौथी शिकलो. उमरभर देवळीले जिनिंगात कापसाचे बोरे वाह्यले. लिहिणं माझं काम नाई. पण जनावरायच्या दवाखान्यातली डॉक्टर म्याडम म्हणे, "आजोबा, लोक माझ्याकडे येतात तेव्हा कुत्र्याच्या अंगावर कातडं उरलेलं नसतं. तुमचं झालं तसं लिहून द्या. माझं कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील." मी म्हनलं, माझं तं घरातही कोणी ऐकलं नाई. तरी लिहून राह्यलो. बोलतो तसंच लिहितो. शुद्ध पाह्यजे असन तं मास्तरकडं जा.

ज्याच्या घरचं कुत्रं सोताले चावून चावून अर्धं झालं, त्याच्यासाठी हे आहे. औषधाचं नाव मी लिहिणार नाई. ते कुत्र्याच्या वजनावर अन् उमरीवर ठरते, डॉक्टरले विचारा. मी फक्त कुठं चुकलो ते सांगतो.

बोंडी

बोंडी माझी नाई. माझ्या बायकोची आहे.

शेवंता वेचणीले गेलती. आली तं पदराच्या ओट्यात कापूस अन् कापसात एक पिल्लू. पांढरं, मुठीएवढं, डोळे नुसते उघडलेले. मी म्हनलं, मालकाच्या कापसात हे भरून आणलं काय? ती म्हणे, "बोंडं वेचता वेचता हे एक बोंड भेटलं." तवापासून बोंडी.

मले कुत्र्याचा शौक नव्हता. ती शेवंताच्या मागं मागं फिरे, तिच्याच हातचं खाये. माझ्यावर, घरात कोणी आलं-गेलं म्हणून, एक नजर टाके अन् तोंड फिरवे. आता शेवंता नाई, तं आमी दोघं एकमेकायच्या गळ्यात पडलो. तिले मी नको होतो, मले ती नको होती. पण शेवंताले ओळखणारं त्या घरात आता दुसरं कोणी नव्हतं.

शेवंताचा हात

हे कुत्र्याच्या आजारात काऊन सांगतो, ते पुढं समजन.

आमच्या घराचे दोन भाग. समोरची खोली घरकुलाची, शिमिटाची. मागची माझ्या बापानं बांधलेली, मातीची. तिची भुई शेणानं सारवाची. शेवंता दर शुक्रवारी सारवे. शेण अन् पांढरी माती कालवून, उकिडवी बसून, भिंतीपासून दाराकडं मागं मागं सरकत येये. उजवा हात असा अर्धा गोल फिरवे. वाळलं की चारी बोटं भुईवर दिसत, एकावर एक, मासोळीचे खवले असतात तसे. मी उमरभर त्याच्यावर चपला घालून चाललो. कधी पाह्यलं नाई.

उन्हाळा लागत होता. तिले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, त्याच्या आदल्या दिवशी अंगात ताप असून तिनं ती खोली सारवली. मी रागावलो. म्हणे, "पडून पडून कंबर धरली, थोडं हलू द्या." मंग आमी दवाखान्यात गेलो. तिथल्या लोकायनं केलं तेवढं केलं. मी एकटाच वापस आलो.

मयतीनंतर घर सारवाची आमच्याकडं रीत आहे. बाया शेणाच्या बादल्या घेऊन आल्या. अंगण सारवलं, ओसरी सारवली. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी आडवा बसलो. म्हनलं, इथं कोणी हात लावाचा नाई. आमच्या शेजारी वच्छलावहिनी राह्यते, माझ्या चुलतभावाची बायको, माह्यापेक्षा मोठी, तिखट बाई. ती सगळ्यायच्या समोर म्हणे, भाऊजीचं डोकं फिरलं. असन फिरलं. मी उठलो नाई.

तवापासून ती खोली तशीच. दार लोटून ठेवलं, कडी घातली नाई, कारण बोंडी जाये. शेवंताची चटई जिथं राहे तिथं जाऊन पडे. मी उंबऱ्यावरून भुई पाहो. आत पाय टाकत नव्हतो, खवले तुटतील म्हणून.

सारवलं नाई तं भुई तडकते, हे लहान लेकरालेही माहीत आहे. तडा गेल्या. मी तडाही पाहो.

खाज

पावसाचं पाणी लागल्यावर बोंडी खाजवाले लागली. कुत्रं खाजवतेच, म्हणून सोडून देल्लं. मंग ती शेपटीच्या बुडाशी चावाले लागली. दाताच्या कडा किरकिर लावून, आपण मक्याचं कणीस खातो तशी. उठे, दोन पावलं चाले, गपकन् बसे अन् मागं वळून चावे. जेवता जेवता ताट सोडून चावे.

मी अंग पाह्यलं. कानात पाह्यलं, बोटायच्या मधात पाह्यलं. गोचीड नाई. म्हनलं मंग काई नाई. इथं पहिली चूक. गोचीड चिकटून राह्यते, दिसते, उपटता येते. पिसू तशी नाई. चावते, उडी मारते अन् गायब. त्यातही खाजवणारं कुत्रं ती चाटून चावून खाऊन टाकते. म्हणून अंगावर दिसत नाई, अन् आपण समजतो पिसवा नाईत.

मले दिसलं ते मी लिहून ठेवतो. शेपटीच्या बुडाशी अन् मागच्या मांड्यायवरचे केस गेले. कातडी पहिले लाल झाली, मंग काळी, जाड, म्हशीच्या मानेसारखी. पांढऱ्या केसायच्या मुळाशी काळी भुरकी, कोणी काळे तीळ कुटून टाकल्यासारखी. मी समजलो धूळ आहे. आंघोळ घातली तं पाणी लालसर गेलं. मी समजलो लाल माती आहे. आमच्याकडं लाल माती कुठं आहे? कपाशीची काळी माती. एवढंही डोकं चाललं नाई.

वच्छलावहिनीनं सांगतलं, मोटरसायकलचं जळकं ऑइल चोपडा, खरूज जाते. चोपडलं. बोंडी तीन दिवस काळी फिरली, ते चाटून ओकली, अन् खाज जशीच्या तशी.

मंग पोरगी आली. रजनी पुलगावले देल्ली आहे. माय गेल्यावर ती पहिल्यांदा दोन दिवस राह्याले आली. राह्यली एकच. सकाळी पायाच्या घोट्यायवर लाल लाल पुटकुळ्या, ओळीनं. ती म्हणे हे कुत्रीचं आहे. मी म्हनलं मच्छर चावले असन. बोलता बोलता दोघंही चढलो. ती म्हणे, आई गेली तं तुमी मले फोन करत नाई, नातीले पाह्याले येत नाई, अन् ह्या खाजऱ्या कुत्रीजवळ बसून राह्यता. गावातले लोक नाकाले पदर लावून जाते तुमच्या दारावरून. मी म्हनलं, लोकायले म्हणा दुसऱ्या रस्त्यानं जा. ती रडली. जाता जाता दारातून म्हणे, "बाबा, मी दसऱ्याले येईन. तवा ही कुत्री घरात दिसली तं मी उंबरा चढणार नाई. तिले कुठं नेऊन सोडा, नाईतं तुमचा जावई नेऊन सोडन."

रजनी बोलते ते करते. मायवर गेली आहे.

माझी अक्कल

ऑइल वहिनीचं होतं. पुढचं माझं.

कपाशीवर मावा मारते ते औषध तं कुत्र्यावरच्या किड्यायले काऊन नाई मारणार, असं माझ्या मनात आलं. शेजारच्या वावरातली उरलेली बाटली होती. झाकणभर बादलीत टाकलं अन् बोंडीले त्यानं पुसून काढलं. मी हे लिहितो कारण गावात अजूनही लोक हे करते, अन् माझ्यासारखेच शहाणे समजते सोताले.

चहा पिऊन होईपर्यंत बोंडीच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या. पाय थरथराले लागले. उभी राहे अन् पडे. माझ्याकडं पाहून राह्यली होती. पहिल्यांदा तोंड न फिरवता.

मी तिले हौदावर नेलं, साबण लावून धुतलं, परत धुतलं. गोणपाटात गुंडाळलं अन् सडकेवर आलो. एक आटोवाला सरकीच्या ढेपेची पोती घेऊन देवळीले चालला होता. कुत्रं म्हणून नाई म्हनला. मंग माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् एक पोतं सरकवलं. त्याचं नाव मले माहीत नाई. त्यानं त्या दिवशी मले एकही गोष्ट विचारली नाई, हेच बरं केलं.

दवाखाना

सरकारी जनावरायच्या दवाखान्यात गायी, बैल, बकऱ्या. लाकडी खोड्यात एक बैल उभा, त्याच्या खुरात सळी गेलती. मी कुत्री घेऊन आलो तं एक जण म्हणे, म्हाताऱ्याले गाय नाई भेटली वाटते. चार जण हासले. दुसरा दिवस असता तं मीही काई ऐकवलं असतं.

डॉक्टर म्याडम पोरसवदा. कोल्हापूरकडच्या. बैल तसाच सोडून आल्या. मी खरं सांगतलं, काय पुसलं ते. बाटलीचं नाव सांगतलं. त्या मले रागावत बसल्या नाई. सुई देल्ली, परत धुतलं, सलाईन लावलं. मी दुपार कलेपर्यंत बोंडीचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसलो. सेवाग्रामलेही असाच बसलो होतो, फक्त तिथं खाट होती.

थरथर थांबली तवा म्याडमनं खाजेची जागा पाह्यली. बारीक दाताच्या फणीनं शेपटीजवळचे केस विंचरले. काळी भुरकी पडली. त्याईनं कापसाचा बोळा पाण्यात भिजवला अन् ती भुरकी त्याच्यावर टाकली. म्हणे, बघा.

मी कापूस लय पाह्यला. पिवळा पडलेला, भिजलेला, जळलेला. असा नाई पाह्यला. त्या काळ्या कणाच्या भोवती लाल रंग सुटला. एका कणाच्या, मंग दुसऱ्या कणाच्या.

"ही धूळ नाही, पिसवांची विष्ठा आहे. त्यांनी प्यायलेलं हिचंच रक्त. आजोबा, हिला पिसवांची अ‍ॅलर्जी आहे."

मी म्हनलं, म्याडम, अलर्जी शहरातल्या लोकायले होते. त्या हासल्या. समजवून सांगतलं की साध्या कुत्र्याले पिसू चावली तं जरासं खाजवते अन् विसरते. हिच्या अंगाले पिसूची थुंकीच सहन होत नाई. एक चावली तरी हप्ताभर आग. म्हणून कमी पिसवा करून भागत नाई, एकही नको.

एकही नको, हे माझ्या डोक्यात बसलं.

मंग कागदावर लिहिता लिहिता त्याईनं विचारलं, झोपते कुठं?

"अंगणात," मी म्हनलं.

का खोटं बोललो? त्या बाईनं आत्ताच माझी कुत्री वाचवली होती. पण मले माहीत होतं, आत झोपते म्हनलं की पुढं काय सांगतील.

औषधपाणी

खाजेच्या गोळ्या. मी गुळात दाबून देवो, ती गूळ खाये अन् गोळी थुंके. मंग भाकरीच्या कुस्करात तेलाचा थेंब टाकून देल्ली, ती जमली. मानेच्या मागं, दोन खांद्यायच्या मधात, केस बाजूले सारून कातडीवर टाकाचं एक औषध, महिन्यातून एकदा. ती जागा तिले चाटता येत नाई म्हणून तिथं. त्याच्या आगंमागं आंघोळ घालाची नाई. म्याडमनं दोनदा सांगतलं, कुत्र्याचं औषध मांजराले लावाचं नाई, मांजर मरते. माझ्याकडं मांजर नाई, पण तुमच्याकडं असन.

रोज सकाळी फणी. बारीक दाताची फणी घरात एकच होती, शेवंताची, उवांची. फळीवरून काढली तं तिचे दोन-तीन पांढरे केस दातात होते. मी ते काढले, कागदात ठेवले अन् फणी बोंडीले लावली. ती मले जड नाई गेली. फणीत पिसू आली की साबणाच्या पाण्यात बुडवाची, नखानं दाबली तं सटकते.

पहिले आठ दिवस लय बरे गेले. एका दुपारी बोंडी ओसरीवर झोपली अन् मी जेवून, भांडे घासून, परत येईपर्यंत झोपूनच होती. एकदाही उठून चावली नाई. मी तिच्याजवळ बसून राह्यलो. घरात कोणी तरी आरामात आहे, एवढंच पाह्यलं. किती दिवसानं.

नवव्या दिवशी परत किरकिर. आधीपेक्षा जास्त. मांडीवर जखम झाली, तिच्यात पू झाला, वास सुटला. मी परत आटो पाह्यला.

म्याडमनं विंचरलं, बोळा भिजवला, लाल झाला. त्याईनं परत एकदा विंचरलं. मंग म्हणे, हे नवीन आहे. औषध अंगावर आहे, तरी रोज नव्या पिसवा चढून चावून राह्यल्या, म्हणजे कुठून तरी येऊन राह्यल्या. त्याईनं सांगतलं की कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मूठभर, बाकीचं खटलं घरात असते. अंडी गळून भुईवर पडते, तडाईत जाते, तिथं अळी होते, अळी सोताभोवती कोष करते.

"कोषात पिसू महिनोन्महिने झोपून राहते. तिथे औषधही पोचत नाही. पाऊल वाजलं, कोणी जवळ येऊन झोपलं, की उठते. तुमची जमीन मातीची आहे? सारवता?"

"सारवतो."

"घरात एखादी बंद खोली?"

"नाई."

त्याईनं माझ्याकडं पाह्यलं. बोंडीच्या पोटाचे केस सारले, तिथं वाळक्या शेणाची खपली होती. अंगण तं माझं पावसानं धुतलेलं.  फक्त एवढं म्हणे, ही जखम वाढली तर माझ्या हातात काही राहणार नाही, खाजेची सुई जन्मभर देता येत नाही. अन् जाता जाता सांगतलं, खात्री करायची असली तर पांढरे मोजे घालून घरभर फिरा.

धोतर

मोजे मी कधी घातले नाई. धोतर पांढरंच आहे.

घरी आलो. बोंडी सरळ मागच्या खोलीत गेली. मी उंबऱ्यावर उभा राह्यलो. मंग चपला काढल्या अन् आत पाय टाकला. इतक्या महिन्यात पहिल्यांदा. पायाखाली खवल्यायचा भुगा झाला, वाळल्या पापडासारखा. चटईच्या जागेपर्यंत गेलो, उभा राह्यलो. दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत.

खाली पाह्यलं. धोतराच्या काठावर काळे ठिपके. एक हालला. मंग सगळेच. तडाईतून उडून उडून येत होते, घोट्यावर, पोटरीवर. इतके दिवस ते तिथं झोपले होते अन् माझ्या पावलाची वाट पाहून राह्यले होते.

बोंडी मधोमध पडून सोताले चावून राह्यली होती. तिले ती जागा सोडवत नव्हती. मले ती भुई मोडवत नव्हती. दोघायले एकच रोग.

सारवण

दसऱ्याले पाच दिवस होते. मी वच्छलावहिनीच्या दारात गेलो अन् म्हनलं, शेण पाह्यजे. ती तांदूळ निवडून राह्यली होती. सूप खाली ठेवलं अन् उठली.

मी म्हनलं सारवीन मीच. ती म्हणे, "गड्यानं सारवलं तं गाव हासन." मी म्हनलं, ऑइल चोपडलं तवाही हासलंच. मंग ती उंबऱ्यावर बसली अन् तिथून हुकूम सोडाले लागली.

पहिले झाडून काढाचं. तडाईतून खराट्याची काडी फिरवून माती, भुरकी, केस, सगळं काढाचं. कोपरे, उंबऱ्याची फट, जात्याखालची जागा. ते अंगणात नेऊन जाळलं. बोंडीचं गोणपाट जाळलं. चटई अन् गोधडी उकळत्या पाण्यातून काढून टिनावर वाळवली. मंग तडाईत ओली माती ठासून भरली. हे झालं पहिल्या दिवशी. गुडघे गेले माझे.

दुसऱ्या दिवशी शेण. वहिनी म्हणे पातळ झालं, माती टाका. माती टाकली तं म्हणे घट्ट झालं. मी हात फिरवला तं म्हणे, "भाऊजी, पाठ चोळून राह्यले काय कोणाची? बोटं जुळवा."

भिंतीपासून सुरू केलं. शेवंताचा एक एक हात माझ्या हाताखाली ओला होये अन् जाये. मी मागं मागं सरकत आलो, तिच्यासारखाच. दारापाशी चौकटीच्या कोपऱ्यात तिचे तीन-चार हात राह्यले, सगळ्यात चांगले, कोणाचा पाय न लागलेले. मी थांबलो. म्हनलं, एवढं राहू देतो.

वहिनी इतका वेळ बडबडत होती, ती उंबऱ्यावरून पुढं वाकली. मंग हळूच म्हणे, "शेवंता जिती असती तं पुढच्या शुक्रवारीच हे मोडलं असतं तिनं. जलमभर दर आठवड्याले आपलाच हात सोता मोडत होती. तिले कधी जड नाई गेलं. तुमाले काऊन जाते?"

मी वाकून पाह्यलं. त्या कोपऱ्यातही तड होती, बोटभर लांब. एकही नको, म्याडम म्हनल्या होत्या. मी बादलीत हात घातला अन् तोही कोपरा सारवला. मंग तिथंच उकिडवा बसून रडलो. शेणाचे हात, डोळे पुसता येईनात. वहिनीनं पदरानं माझं तोंड पुसलं, लेकराचं पुसते तसं, अन् म्हणे, चला आता, चहा करते.

दसरा

मधात मी दवाखान्यात जाऊन आलो. म्याडमले सांगतलं, खोली होती, खोटं बोललो. त्या म्हणे, माहीत होतं. जखमेचं औषध देल्लं. सांगतलं की कोष राह्यले असतील, ते फुटत राहतील, दोन-तीन महिने धीर धरा, दर आठवड्याले झाडा, सारवा, अन् मानेवरचं औषध चुकवू नका. म्हणजे एकदा सारवून सुटका नाई. हे तुमीही ध्यानात ठेवजा. लोक एक महिना करते, खाज थांबली की सोडते, अन् पिसवा परत येते.

रजनी आली दसऱ्याले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राह्यली. बोंडी ओसरीवर होती, मागून अर्धी बोडकी, मांडीवर पिवळं औषध. पोरीनं तोंड वाईट केलं. मी म्हनलं, मागची खोली पाहून ये, मंग जावयाले सांग काय सांगाचं ते.

ती आत गेली. लय वेळ आली नाई. मी गेलो तं ती भुईकडं पाहून उभी. माझे हात वाकडे, कुठं जाड कुठं पातळ, कोणी पाह्यलं तं म्हणन म्हशीनं सारवलं.

"आईचं सारवण?" ती म्हणे.

"मोडलं."

"कुत्रीसाठी?"

मी म्हनलं, हो. अन् तुझ्या पायाले पुटकुळ्या आल्या होत्या, त्याच्यासाठीही. ती खाली बसली, हात भुईवर ठेवला. मले वाटलं रडन. ती म्हणे, बाबा, तुमी माती लय टाकली. आई इतकी टाकत नव्हती.

त्या रात्री ती राह्यली. सकाळी घोटे पाह्यले. एकच पुटकुळी होती. बोंडीचं नाव तिनं काढलं नाई, पण जाताना तिच्या ताटात उरलेली पुरणपोळी टाकून गेली. कुत्र्याले गोड देऊ नये, म्याडम म्हणते. त्या दिवशी मी खाऊ देल्लं.

आता

आता थंडी सरत आली, हरभरा घाट्यावर आला. बोंडीच्या शेपटीवर केस आले, पांढरे, नवे, हाताले कापसाच्या सरकीवरच्या मऊ लवेसारखे लागते. मांड्यायवर काळा डाग आहे, तो जाईन की नाई सांगता येत नाई. बोळा मी अजून दर रविवारी भिजवतो. मागचे चार रविवार पांढराच राह्यला. पावसाचं पाणी लागलं की पिसवा परत येतील, हे मले माहीत आहे. थकलो, पण तयारी ठेवली.

दर शुक्रवारी सारवतो. गाव पहिले हासलं, आता हासत नाई, कंटाळलं.

मागच्या शुक्रवारी मी सारवून हात धुवाले गेलो अन् दार लोटाचं राह्यलं. आलो तं बोंडी ओल्या भुईवरून चालत जाऊन आपल्या जागेवर झोपली होती. दारापासून तिथपर्यंत तिचे पंजे उमटले होते, माझ्या वाकड्या हातायवरून, सरळ. झोपेत पाय हालवत होती, पण चावत नव्हती. वाळलं तसं ते तिथंच राह्यलं. येता-जाता पाहतो.

उद्या शुक्रवार आहे. शेण आणून ठेवलं.